न लाभणाऱ्या जागेत उघडलेला बिअर हॉल: पुन्हा कधी आणि कसे जावे?

प्रश्न

आमच्या घरापासून चालत १० मिनिटांच्या अंतरावर सहा आठवड्यांपूर्वी एक बिअर हॉल सुरू झाला आहे. चार माणसांनी निवांत बसून बोलावे, अशी जागा आमच्या वस्तीत आजवर नव्हती, त्यामुळे ही जागा टिकावी असे मला मनापासून वाटते. अडचण अशी की ज्या इमारतीत तो उघडला आहे, तेथे गेल्या सात वर्षांत मी तीन व्यवसाय येऊन गेलेले पाहिले आहेत. ‘ती जागाच कुणाला लाभत नाही’ हे वाक्य वस्तीत इतके रुळले आहे, की नवी पाटी लागली त्याच दिवशी शेजाऱ्यांनी ती किती महिने राहील याचा अंदाज बांधायला सुरुवात केली.

जागा खरोखर अवघड आहे. इमारत मोठ्या रस्त्याला लागून असली तरी तिची पाठ रस्त्याकडे आहे. समोरच उड्डाणपुलाचा उतार सुरू होत असल्याने गाडीतून जाणाऱ्याला पाटी दिसेपर्यंत इमारत मागे पडलेली असते. दुभाजकाला जवळपास कोठेही खंड नाही. प्रवेश मागच्या गल्लीतून आहे, तेथे गाडी लावता येत नाही, आणि एवढे करून पोहोचले तरी हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. ग्राहकांसाठी फक्त जिना आहे.

आत गेल्यावर मात्र मन प्रसन्न होते. लांबच लांब लाकडी टेबले, दोन्ही बाजूंना बाकडी, भिंतीवर टीव्ही नाही, आणि समोरच्या माणसाचे बोलणे मान पुढे न काढता ऐकू येते. एका भिंतीवर ओळीने २० नळ आहेत. केग, म्हणजे बिअरची धातूची पिंपे, तळमजल्यावरच्या खोलीत ठेवले जातात आणि तेथून बिअर नळ्यांनी वर येते, असे तेथील मुलाने आम्हाला उत्साहाने दाखवले.

दुसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी, हॉल उघडल्या उघडल्या, आम्ही दोघे मित्र गेलो. त्या संध्याकाळचे पहिले ग्राहक आम्हीच होतो. माझी लागर, म्हणजे फिकट, हलकी बिअर, बरी होती, परंतु पहिला अर्धा ग्लास नुसता फेस आला आणि तो ओतून पुन्हा भरावा लागला. मित्राने मागवलेल्या गडद बिअरला लोण्यासारखा वास येत होता आणि घोट संपताना जिभेवर एक आंबटपणा राहत होता, जो त्या प्रकारात असायला नको. आम्ही काहीच बोललो नाही. माणसे इतकी आपुलकीने वागत होती की तक्रार तोंडातून बाहेर पडेना. मित्राने अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि आम्ही उठलो.

तेव्हापासून ही गोष्ट मनात सलते आहे. तो दोष नवेपणाचा समजून थोडे थांबावे, की जागेच्या अडचणीचा त्याच्याशी काही संबंध आहे? दुसऱ्यांदा जायचे तर कोणत्या वेळी जावे, काय मागवावे आणि कशावरून पारख करावी? आणि काही चुकले असल्यास ते कसे सांगावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे बिअरच्या लाइन, म्हणजे केगपासून नळापर्यंतच्या नळ्या, बसवण्याचे आणि त्यांची देखभाल करण्याचे काम केले आहे, म्हणून आपण लिहिलेले तपशील माझ्या दृष्टीने फार बोलके आहेत. फेस, लोण्याचा वास आणि आंबटपणा या तिन्ही गोष्टींची मुळे बहुधा त्याच जागेत आहेत. मात्र त्यांतील एकही असाध्य नाही.

आधी फेसाचे पाहू. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत साधारण ७ मीटर चढण धरू. द्रवाला १० मीटर वर चढवण्यासाठी अंदाजे १ बार (हे दाबाचे एकक) दाब लागतो, म्हणजे येथे निव्वळ चढणीलाच ०.७ बार खर्च होतात. नळीच्या आतील घर्षणाला लागणारा दाब वेगळा. उलट, ३-४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या सर्वसाधारण लागरमधला कार्बन डायऑक्साइड जितका आहे तितकाच टिकवायचा असेल, तर केगवर साधारण ०.८ बार दाब पुरतो. तेवढ्या दाबाने बिअर वर येईलही, पण रडतखडत. म्हणून कुणी नुसत्या कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढवला, की तो वायू हळूहळू बिअरमध्ये मुरत जातो आणि नळाशी फेसाच्या रूपाने बाहेर पडतो. ज्या केगला गिऱ्हाईक कमी, तो केग वाढीव दाबाखाली जास्त दिवस राहतो आणि त्याच्यात वायूही जास्त मुरतो. अशा ठिकाणी नायट्रोजन मिसळलेला वायू वापरतात किंवा बिअरसाठी वेगळा पंप बसवतात. शिवाय नळीच्या जुडग्यातून ग्लायकॉल हा न गोठणारा थंड द्रव फिरवत ठेवावा लागतो. तो नीट फिरत नसेल, तर केग कितीही गार असला तरी वाटेत बिअर तापते आणि फेसाळते.

आता लोण्याचा वास. त्याचे नाव डायअ‍ॅसिटिल. आंबवण्याच्या काळात यीस्टमुळे ते तयार होतेच, आणि पुरेसा वेळ दिला तर यीस्टच ते पुन्हा खाऊन टाकते. काही जुन्या पद्धतीच्या बिअरमध्ये त्याची पुसटशी छटा चालते. पण लोण्याच्या वासासोबत आंबटपणाही आला, तर माझे लक्ष आधी लाइनकडे जाते. नळीच्या आतल्या भिंतीवर पातळ थर साचतो आणि त्यात लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस यांसारखे जीवाणू घर करतात. ते माणसाला आजारी पाडत नाहीत, चवीची मात्र नासाडी करतात. यावरचा उपाय सर्वमान्य आहे: दर १४ दिवसांनी अल्कलीच्या द्रावणाने लाइन धुणे, दर तीन महिन्यांनी आम्लाच्या द्रावणाने आत साचलेले क्षारांचे खडे काढणे, आणि नळ खोलून घासणे.

येथे जागेचा संबंध येतो, आणि तो मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण बाहेरच्या माणसाच्या तो लक्षात येत नाही. साडेनऊ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत प्रत्येक मीटरमागे सुमारे ७० मिलिलिटर बिअर मावते. लाइन १५ मीटर लांब असेल तर तीत सतत एक लिटरभर बिअर उभी असते. अशा २० लाइन धुवायच्या म्हणजे दर पंधरवड्याला २० लिटर बिअर मोरीत सोडणे आले. गर्दीच्या जागी हा तोटा जाणवत नाही. जेथे आठवड्यातले चार दिवस बाकडी रिकामी असतात, तेथे मालकाचा हात आखडतो आणि धुणे ‘या आठवड्यात राहू दे’ म्हणून पुढे ढकलले जाते. हीच गत केगची होते. ५० लिटरच्या केगमधून दिवसाला अर्ध्या लिटरचे पाचच ग्लास जात असतील, तर तो रिकामा व्हायला २० दिवस लागतात. पाश्चराइझ न केलेली बिअर सतत थंड ठेवली तरी भरल्यापासून सहा ते आठ आठवडेच चांगली राहते, आणि त्यातले काही दिवस वाहतुकीत व गोदामात आधीच गेलेले असतात. हॉप्स या कडवट फुलांच्या सुगंधावर उभी असलेली आयपीए नावाची बिअर तर त्याहूनही लवकर उतरते.

म्हणून अवघड जागेतल्या हॉलबद्दल माझे मत असे आहे, की तेथे गिऱ्हाइकांची संख्या आणि बिअरचा ताजेपणा हे दोन वेगळे प्रश्न नसतातच. तेथे २० नळ पाहून मला आनंद होत नाही, काळजी वाटते. सहा-आठ नळ, मंद खपणाऱ्या प्रकारांसाठी २० किंवा ३० लिटरचे लहान केग, आणि पाटीवर केग कधी जोडला त्याची तारीख, एवढे असते तर मी निर्धास्तपणे आत गेलो असतो.

आपण त्या संध्याकाळचे पहिले ग्राहक होतात, हे विसरू नका. लाइनमध्ये रात्रभर उभी राहिलेली लिटरभर बिअर, म्हणजे पहिले दोन ग्लास, आपल्याच वाट्याला आले. चोख काम करणारा माणूस ती आधी काढून टाकतो. पुढच्या वेळी हॉल उघडल्यानंतर दोन-अडीच तासांनी जा. बसल्यावर ‘आज सगळ्यात जास्त काय चालले आहे?’ एवढेच विचारा आणि तेच मागवा. दुसरा ग्लास त्यांच्याकडे सर्वांत कमी खपणाऱ्या प्रकाराचा घ्या, शक्यतो लहान. दोन्हींमध्ये किती फरक आहे, त्यावरून त्या हॉलची खरी अवस्था कळेल.

ग्लासकडेही पाहा. बिअर भरल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर ग्लास नीट विसळलेला नाही किंवा त्याला तेलकटपणा आहे. ग्लास स्वच्छ असेल तर प्रत्येक घोटानंतर फेसाचे एक वलय काचेवर मागे राहते, आणि ग्लास संपेपर्यंत आपण किती घोट घेतले ते मोजता येतात.

दोष आढळला तर तेथल्या तेथे सांगा, आणि ग्लास अर्धा होण्याआधी सांगा. ‘बिअर वाईट आहे’ असे मोघम बोलू नये. ‘या नळाच्या बिअरला लोण्याचा वास येतो आणि शेवटी आंबट लागते, आपण स्वतः चाखून पाहाल का?’ असे विचारावे. ते ऐकून माणूस काय करतो, यावर मी त्या जागेत पुन्हा पाऊल टाकायचे की नाही ते ठरवतो.

प्रतिसाद २

तांत्रिक बाजू वर उत्तम रीतीने आली आहे, म्हणून मी ‘जागा लाभत नाही’ या समजुतीपुरतेच लिहितो. बिअर पिण्याच्या सर्वांत प्रसिद्ध जागांचा एक प्रकार जन्मालाच आला तो गावाबाहेरच्या, आडवळणाच्या ठिकाणी, हे या चर्चेत नमूद व्हायला हवे.

जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली असा नियम झाला, की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच गाळावी, कारण उन्हाळ्यात भट्ट्यांच्या आगीची भीती असे आणि गरम हवेत बिअर बिघडतही असे. मग उन्हाळ्यासाठीची बिअर वसंत ऋतूत करून साठवणे भाग पडले. त्यासाठी म्युनिकच्या बिअरवाल्यांनी इझार नदीच्या उंच काठावर खोल तळघरे खणली, त्यांत हिवाळ्यातला बर्फ भरला, वर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडे लावली. या झाडाची पाने रुंद असल्याने सावली दाट पडते, आणि मुळे फार खोल जात नसल्याने खालच्या तळघराला धक्का लागत नाही. ग्राहक कोठून येतील याचा विचार करून त्या जागा निवडलेल्याच नव्हत्या, ती साठवणीची ठिकाणे होती. तरीही लोक चालत तेथे जाऊ लागले, कारण भर उन्हाळ्यात सर्वांत गार आणि सर्वांत ताजी बिअर तेथेच मिळत होती. शहरातल्या धंद्याला त्याची इतकी झळ बसली, की १८१२ साली राजा पहिला माक्सिमिलियन योझेफ याने तोडगा काढला: तळघरांवर बिअर विकता येईल, पण सोबत पावाखेरीज दुसरे काही खायला देता येणार नाही. लोक घरून शिदोरी आणू लागले, आणि तेथील पारंपरिक बिअर-बागांमध्ये ती मोकळीक आजही आहे.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे त्याच शहराच्या मध्यवस्तीतले होफब्रॉयहाउस. त्याची स्थापना १५८९ची, पण ते राजघराण्यासाठी बिअर गाळणारे ठिकाण होते. सर्वसामान्यांना तेथे बसून पिण्याची परवानगी १८२८ साली मिळाली. म्हणजे मोक्याची जागा जवळजवळ अडीचशे वर्षे लोकांना बंद होती आणि नदीकाठची आडजागा मात्र भरभरून वाहत होती.

यावरून मला एवढेच म्हणायचे आहे, की आडजागेला तिचे स्वतःचे असे एक कारण लागते. तळघरांकडे गारवा होता. आपण वर्णन केलेल्या हॉलकडे शांतता दिसते. लांब टेबले, टणक भिंती आणि उघडे छत असलेल्या बहुतेक हॉलमध्ये आवाज इतका घुमतो की तासाभरात घसा बसतो. तेथे मोठ्या रस्त्याला लागून असूनही बोलणे ऐकू येते, ही साधी गोष्ट नव्हे. पुढच्या वेळी हॉल भरलेला असताना ही शांतता टिकते का, ते अवश्य पाहावे.

प्रतिसाद ३

येथे कुणी न लिहिलेला एक मुद्दा मांडते. दुभाजकाला खंड नाही आणि समोर उड्डाणपुलाचा उतार आहे, याचा अर्थ रात्री परतताना माणसे दुभाजक ओलांडूनच पलीकडे जाणार. उतारावरून येणाऱ्या गाड्यांचा वेग जास्त असतो, आणि दोन ग्लासांनंतर समोरून येणाऱ्या गाडीचे अंतर व वेग यांचा आपला अंदाज चुकतो. गाडी चालवून परतायचे नाही हे सर्वांना पाठ असते, पायी परतणाऱ्यालाही धोका असतो हे कुणी बोलत नाही. जाण्यापूर्वी दिवसाउजेडी ती वाट एकदा चालून पाहा. रस्ता ओलांडायची सुरक्षित जागा किती अंतरावर आहे, मागच्या गल्लीत दिवे आहेत का, जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का आणि कठडा शेवटपर्यंत आहे का, हे पाहून घ्या. आमच्या मैत्रिणींच्या गटात कोठे बसायचे हे याच गोष्टींवर ठरते. बिअर कितीही चांगली असली तरी अंधाऱ्या गल्लीतून एकटीने बाहेर पडावे लागत असेल, तर आम्ही दुसऱ्यांदा जात नाही. मालकाला सांगायचेच असेल तर हे आधी सांगा: गल्लीच्या तोंडाशी एक दिवा आणि एक बाण. त्याचा खर्च एका केगपेक्षाही कमी येईल.

प्रतिसाद ४

मी अशाच एका वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूने प्रवेश असलेल्या जागेत चार वर्षे बिअरची जागा चालवली आणि बंद केली. त्यामुळे ही चर्चा माझ्या जवळची आहे.

पहिले दोन महिने माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खरे आहे. सगळा परिसर एकदा येऊन बघून जातो, आणि आपल्याला वाटते बस्तान बसले. तिसऱ्या महिन्यापासून शुक्रवार आणि शनिवार भरतात व सोमवार ते गुरुवार ओस पडतात. भाडे मात्र सातही दिवसांचे असते, कोल्ड रूमची वीज चोवीस तासांची असते, आणि पगार महिन्याचा असतो. केग वर चढवणे हे वेगळेच प्रकरण होते. भरलेला ५० लिटरचा केग ६० किलोच्या पुढे जातो. वळणाच्या जिन्यावरून तो दोन माणसांनी उचलताना मी रोज श्वास रोखून उभा राहत असे. या हॉलने केग खालीच ठेवून नळ्या वर नेल्या, हा निर्णय मला समजतो.

मी सुरुवातीला १६ नळ ठेवले होते. हवे ते मिळाले नाही म्हणून आलेला एकही माणूस परत जाऊ नये, या भीतीने ठेवले होते. त्यामुळे निम्मे केग जुने होत गेले, आणि ज्यांना बिअरमधले कळत होते तेच आधी यायचे थांबले. त्यांच्यापैकी एकानेही मला कारण सांगितले नाही. जागा बंद झाल्यावर बाजारात एक जण भेटले आणि म्हणाले, ‘तुमच्याकडची गव्हाची बिअर शेवटी शेवटी आंबट लागायची हो.’ ते त्यांनी दोन वर्षे आधी सांगितले असते, तर मी तो नळ त्याच दिवशी बंद केला असता.

म्हणून माझी विनंती आहे की आपण सांगाच. आणि शक्य असेल तर शनिवारी जाऊ नका. शनिवारी आपल्याला बाकड्यावर जागा मिळणे कठीण असते आणि मालकाला आपल्याशी बोलायला सवड नसते. मंगळवारी किंवा बुधवारी आलेली चार माणसे त्या दिवसाचा केग हलवतात, आणि ती पुन्हा आली तर मालकाला त्या वाराचा भरवसा वाटू लागतो. माझ्याकडे दर बुधवारी सहा जणांचा एक गट येत असे. त्या सहा जणांमुळे मी बुधवारचा केग गुरुवारी संपेल असे धरून माल मागवत होतो. त्यांच्यापैकी दोघांनी गाव सोडल्यावर तो हिशेब पुन्हा कधीच बसला नाही.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. काल बुधवारी आम्ही चौघे जाऊन आलो, त्याचा वृत्तांत लिहितो.

प्रतिसाद ३ मधील सूचनेप्रमाणे रविवारी सकाळी वाट चालून पाहिली. रस्ता ओलांडण्याची सुरक्षित जागा चार मिनिटे पुढे आहे, म्हणजे १० मिनिटांची वाट १४ मिनिटांची होते. काल जाताना व येताना आम्ही तिनेच गेलो. जिन्याचा कठडा दुसऱ्या वळणावर तुटक आहे आणि तेथे पायरीही थोडी उंच आहे. दिवसा हे लक्षात आले नसते तर रात्री कुणीतरी नक्की अडखळले असते.

हॉल उघडून अडीच तास झाले होते. दहा-बारा माणसे बसलेली होती. ‘आज सगळ्यात जास्त काय चालले आहे?’ हा प्रश्न विचारताच मुलाने क्षणाचाही विचार न करता तिसऱ्या नळाकडे बोट दाखवले. ती लागर होती आणि ती उत्तम निघाली: स्वच्छ, किंचित कडवट, धान्याचा हलका गोडवा असलेली. फेस दोन बोटे होता आणि बसला तरी पूर्ण गेला नाही. माझ्या ग्लासवर शेवटी सात वलये होती. आमच्यातल्या एकाच्या ग्लासला मात्र एका बाजूला बुडबुड्यांचा पट्टा चिकटला होता. त्याच बाजूला बोट फिरवल्यावर काच किंचित निसरडी लागली.

नंतर मुद्दाम गडद बिअरचा लहान ग्लास घेतला. लोण्याचा वास पूर्वीपेक्षा कमी होता, पण होता. या वेळी मी धीर केला आणि प्रतिसाद १ मध्ये दिलेले वाक्य जवळजवळ तसेच म्हटले. मुलगा गोंधळला आणि आत गेला. हॉल चालवणाऱ्या बाई स्वतः आल्या. त्यांनी एका स्वच्छ ग्लासात दोन घोट काढून घेतले, आधी हुंगले, मग चाखले, आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आपले म्हणणे बरोबर आहे. हा केग २६ दिवस लागलेला आहे.’ त्यांनी तेथेच नळाच्या दांड्यावर कापडी पिशवी बांधून तो बंद केला आणि आमच्यासमोर त्याच्या बदली लागरचा ग्लास ठेवला.

त्या टेबलाशी बसल्या तेव्हा बरेच बोलणे झाले. लाइन धुणे ठरल्याप्रमाणे झाले नव्हते. आधीच्या पंधरवड्यात फक्त जास्त चालणारे नऊ नळ धुतले गेले होते. फेसाचा त्रास त्यांनाही छळत होता, आणि लाइन बसवणाऱ्याने मिश्र वायूचा खर्च टाळण्याचा सल्ला दिल्याचे त्या म्हणाल्या. मी चढणीचा आणि मुरणाऱ्या वायूचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो कागद ठेवून घेतला. नळ कमी करण्याबद्दल मात्र त्यांचे मन तयार नव्हते. ‘२० नळ ही एकच गोष्ट लोकांना जिना चढायला लावते’, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पूर्ण पटले नाही, आणि मी तसे सांगितले. निदान न चालणारे प्रकार लहान केगमध्ये घेता येतील का, ते पाहते असे त्या म्हणाल्या. दिवा आणि बाण यांबद्दल ऐकल्यावर त्यांनी लगेच मुलाला हाक मारून माप घ्यायला सांगितले.

प्रतिसाद २ मधील शंकेबद्दल: नऊच्या सुमारास माणसे तीसच्या आसपास झाली, तरी आम्हाला आवाज चढवावा लागला नाही. छताला लाकडी पट्ट्या आहेत आणि त्यांच्यामागे काहीतरी मऊ भरलेले दिसते. खिडक्यांना दुहेरी काच आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या मोठ्या गाडीची फक्त थरथर बाकड्याला जाणवते.

एक प्रश्न उरला आहे. मिश्र वायूवर गेल्यास आता जोडलेल्या केगचे काय करावे, असे त्यांनी मला विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

ज्या केगमध्ये आधीच जास्त वायू मुरला आहे, तो मिश्र वायू जोडल्याने चटकन सुधारणार नाही. लागरचे केग दोन दिवसांत संपतात, ते तसेच संपू द्यावेत आणि नवा केग जोडताना वायू बदलावा. १५ दिवसांहून जुने असलेले मंद केग मात्र मोह न धरता काढावेत. वायू बदलला तर मिश्रणातले प्रमाण चढण, तापमान आणि बिअरचा प्रकार पाहून काढावे लागते, अंदाजाने ठेवू नये. त्यांनी लाइनची लांबी, नळीचा आतील व्यास, केगच्या खोलीचे तापमान आणि सध्याचा दाब एवढ्या चार गोष्टी लिहून दिल्या, तर मी हिशेब करून येथेच देतो. धुणे मात्र त्याची वाट पाहत ठेवू नका. उरलेले ११ नळ याच आठवड्यात धुवून घ्यायला सांगा, आणि निसरड्या काचेचा तो ग्लास त्यांना दाखवला नसेल तर पुढच्या बुधवारी तोही दाखवा.